काळी शाई आणि आणखी एक रंग

ब्लॅक पँथर हे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या याच संघटनेवरून नाव घेऊन. ढसाळ, ढाले, पवार ही नावे वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही तोंडपाठ आहेत. पण त्या मूळ ब्लॅक पँथरचे वर्तमानपत्र कोण सजवत होते, त्यातली चित्रे कोण काढत होते, असे विचारले तर आमच्यातले चांगले जाणकारही थांबतील. त्या माणसाचे नाव एमरी डग्लस. सभा गाजवणारे लक्षात राहतात. छापखान्यात शाईने हात काळे करणारे मागे राहतात. तिकडेही तसेच आणि इकडेही तसेच!

आज त्यांच्याविषयी लिहायचे कारण घरचेच आहे. आमच्या वस्त्यांतली बरीच मुले-मुली आता चित्रकलेकडे, छपाईकडे, फोटोकडे वळली आहेत. कोणी डीटीपी करतो, कोणी फ्लेक्सच्या दुकानात बसतो, कोणी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा देऊन उपयोजित कलेच्या कॉलेजची स्वप्ने पाहते. जयंतीचे हँडबिल, विहारातल्या कार्यक्रमाची पत्रिका, मंगल परिणयाची निमंत्रणे, सगळे याच मुलांच्या गळ्यात पडते. मग ती विचारतात, कल्पना आणायच्या कुठून? मोबाईलमध्ये तयार नमुने हजारांनी मिळतात. सोनेरी वेलबुट्टी, झुंबरे, मोरपिसे, पालखी. त्यात आमचे काय आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हाला डग्लस आठवले.

एमरी डग्लस यांचा जन्म १९४३ सालचा, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सचा. लहानपणीच ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. पोरवयात पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांची रवानगी सुधारगृहात झाली. तिथे त्यांना जे काम मिळाले ते छापखान्यातले. छपाईशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, शिक्षा भोगताना. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात ते कमर्शिअल आर्ट शिकले. चित्रांची गोडी मात्र त्याही आधीची. लहानपणी नातेवाइकांच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असे आणि त्यावर चार्ल्स व्हाइट या कृष्णवर्णीय चित्रकाराची चित्रे असत. राबणारी, पण मान ताठ असलेली काळी माणसे. वाचकहो, कॅलेंडर! आमच्या किती घरांत तथागतांचे आणि बाबासाहेबांचे पहिले चित्र कॅलेंडरच्याच रूपाने आले, ते आठवा. साल सरले, तारखा फाडून झाल्या, तरी चित्र तेवढे कापून चौकटीत बसवले गेले.

१९६७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ रिचमंड येथे डेन्झिल डॉवेल या काळ्या तरुणाचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला. घरच्यांना सरकारी खुलासा पटत नव्हता. त्यांची बाजू कोणी छापेना, म्हणून २५ एप्रिल १९६७ रोजी ब्लॅक पँथरचा पहिला अंक निघाला. चार पानांचा, सायक्लोस्टाईल केलेला. संघटनेचे एक संस्थापक बॉबी सील टाइपरायटर आणि मार्कर घेऊन त्याची पाने लावत होते. तेवीस वर्षांच्या डग्लसनी ते पाहिले आणि म्हणाले, यात मी मदत करू शकेन. घरी जाऊन आपले सामान घेऊन आले. पुढची बारा-तेरा वर्षे त्या पत्राचा चेहरा डग्लस यांनीच घडवला. संघटनेने त्यांना आधी क्रांतिकारी चित्रकार आणि मग सांस्कृतिक मंत्री अशी पदे दिली. अंकाची किंमत पंचवीस सेंट, आणि भरभराटीच्या काळात खप लाखाच्या पुढे गेला होता.

आता खरी गंमत ऐका. एवढ्या खपाच्या या पत्रात रंग किती? बहुतेक अंकांत काळी शाई आणि तिच्या जोडीला एक रंग, बस्स! कधी तांबडा, कधी हिरवा, कधी निळा. जास्त रंगांना पैसे नव्हते. कागदही साधा, वर्तमानपत्राचा. डग्लसनी या अडचणीचेच हत्यार केले. लाकडावर कोरून छापलेली चित्रे असतात ना, तशा जाड काळ्या रेषा ते ओढत. ज्यांनी छपाईचे काम केले आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. स्वस्त कागदावर शाई पसरते, बारीक रेघ भरून जाते. दुसरा रंग छापताना कागद सुताभर सरकला की चेहरा बिघडतो. जाड रेघ हे सगळे पोटात घेते. छटा दाखवायला ते बाजारात मिळणारे ठिपक्यांचे आणि रेघांचे तयार चिकट कागद कापून लावत, म्हणजे एकाच शाईतून काळा, करडा आणि फिका असे तीन भास निघत. मासिकांतले फोटो कापून चित्रात डकवत. आज संगणकावर एका बोटाने होते ते सारे कात्री, गोंद आणि ब्लेडने चाले, आणि अंक ठरलेल्या दिवशी निघाला पाहिजे ही घाई डोक्यावर असेच.

आमच्याकडच्या जुन्या मंडळींना हे ओळखीचे वाटेल. पिवळ्या, गुलाबी कागदावर एका शाईत छापलेली सभेची हँडबिले ज्यांनी वाटली आहेत, त्यांना रंगीत कागद घेतला की दुसऱ्या शाईचा खर्च वाचतो ही युक्ती कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला, ते काही पैशांच्या राशीवर बसून नव्हे. छापखाना आपला असावा हा त्यांचा आग्रह का होता, हे डेन्झिल डॉवेलची हकिकत वाचली की नव्याने समजते.

डग्लस यांच्या पत्राचे शेवटचे पान बहुधा पूर्ण चित्राचे असे. लोक ते काढून भिंतीला लावत. दुकानाच्या काचेवर, केशकर्तनालयात, जिन्यात. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला चित्र वाचता आले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. आता त्यांची सगळीच चित्रे आम्हाला पटतात असे नाही. सुरुवातीच्या काळातल्या चित्रांत बंदुका फार आहेत, पोलिसाला डुकराचे तोंड दिलेले आहे. त्यामागचा संताप आम्ही समजू शकतो. तरी बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्यांनी ती बंदूक जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. आम्हाला मोलाची वाटतात ती त्यांची दुसरी चित्रे. १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये संघटनेने लहान मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. उपाशी पोटी शाळेत जाणाऱ्या मुलांना आधी खाऊ घालायचे, हा साधा विचार. त्यानंतर डग्लस यांच्या चित्रांत पिशवीभर धान्य घेऊन हसत घरी निघालेली बाई येऊ लागली. पडक्या खोलीत लेकरे सांभाळणारी आई आली. १९७१ सालचे त्यांचे एक चित्र तर डोळ्यांपुढून हलत नाही. चष्मा लावलेला एक मुलगा तोंडभर हसतो आहे, मागे सूर्याच्या किरणांसारख्या रेघा आहेत, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत न्याहारीला बसलेली मुले दिसताहेत. कल्पना किती साधी! पण ती सुचायला न्याहारीच्या त्या पंगतीत जाऊन बसावे लागते.

हीच गोष्ट आमच्या मुलांनी हेरावी. डग्लसनी काढलेली माणसे रोज दिसणारी होती. स्वयंपाक करणारी, झाडू मारणारी, घरभाडे थकलेली. तीच त्यांनी नायक-नायिकेच्या जागी उभी केली. ते पत्र १९८० साली बंद पडले, संघटनाही पुढे विसर्जित झाली. डग्लस मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कृष्णवर्णीय साप्ताहिकात काम करत राहिले. २००७ साली लॉस एंजेलिसच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि २०१५ साली अमेरिकेतल्या ग्राफिक डिझायनरांच्या मोठ्या संस्थेने त्यांना आपले पदक दिले. जी चित्रे जिन्यात चिकटवलेली होती, ती संग्रहालयाच्या भिंतीवर गेली.

चित्र काढता येत नाही त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी फोटो आहे, आणि आता तर प्रत्येक घरात मोबाईलच्या रूपाने कॅमेरा आहे. इथेही अमेरिकेतलीच दोन माणसे सांगतो. पहिले गॉर्डन पार्क्स. १९१२ साली कॅन्सस राज्यात जन्म, पंधरा भावंडांत धाकटे. तरुणपणी ते रेल्वेच्या डब्यात वेटरचे काम करत. उतारूंनी टाकून दिलेल्या मासिकांत त्यांनी पोटासाठी गाव सोडून निघालेल्या मजुरांचे फोटो पाहिले आणि मनाने घेतले की आपणही हे करायचे. गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला जुना कॅमेरा घेतला. पुढे १९४२ साली शिष्यवृत्ती मिळून ते वॉशिंग्टनला सरकारी खात्यात फोटोचे काम शिकायला आले, तर राजधानीत पहिल्याच दिवशी काळे म्हणून दुकानात, हॉटेलात, सिनेमागृहात त्यांना अपमान सोसावा लागला. रागाने पेटून परत आले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, इथे झाडलोट करणाऱ्या बाईंशी जाऊन बोला. त्या बाई म्हणजे एला वॉटसन. पार्क्सनी त्यांना अमेरिकेच्या मोठ्या राष्ट्रध्वजापुढे उभे केले, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा बांबू. जगप्रसिद्ध झाला तो फोटो. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पार्क्स एक फोटो काढून निघून गेले नाहीत. त्यानंतर कित्येक आठवडे ते बाईंच्या घरी, त्यांच्या नातवंडांत, त्यांच्या चर्चमध्ये जात राहिले. वर्षाला १,०८० डॉलर पगारावर सहा जणांचे कुटुंब ओढणारी ती बाई केवळ झाडूवाली न राहता आजी म्हणून, घरधनीण म्हणून फोटोंत उतरली.

याच पार्क्सना गुरुस्थानी मानणारी आजची छायाचित्रकार म्हणजे लटोया रूबी फ्रेझियर. जन्म १९८२ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडॉकचा. कार्नेगीची पोलाद गिरणी १८७५ साली इथेच सुरू झाली. एकेकाळी वीस हजारांच्या घरात वस्ती असलेले हे गाव कामे गेली तसे ओस पडले. २०२० च्या शिरगणतीत दोन हजारसुद्धा माणसे उरली नव्हती. लालबाग-परळच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. गोरी मंडळी उठून गेली, काळी कुटुंबे धुरात राहिली. फ्रेझियरने किशोरवयातच कॅमेरा घरात वळवला. बाहुल्या जमवणारी आजी, आजारी आई आणि ती स्वतः. सगळे काळ्या-पांढऱ्यात. काही फोटो आईने काढले आहेत, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याच्याच हाती कॅमेरा. बारा-तेरा वर्षांच्या या कामाचे पुस्तक २०१४ साली निघाले.

मध्यंतरी एक प्रकार घडला. २०१० च्या सुरुवातीला ब्रॅडॉकचे रुग्णालय बंद झाले. आणि त्याच वर्षी लेवीज या जीन्सच्या कंपनीने आपल्या मोठ्या जाहिराती ब्रॅडॉकमध्येच काढल्या. खडतर गाव, कष्टाळू माणसे, नवे पर्व, असा त्यांचा थाट. कंपनीने गावाच्या समाजकेंद्रासाठी पैसेही दिले, हे सांगितले पाहिजे. पण ज्या गावात दवाखाना राहिला नाही त्या गावाचे रंगीत चित्र न्यूयॉर्कच्या रस्त्यावर झळकावे, हे फ्रेझियरला सहन झाले नाही. तिने काय केले? कंपनीच्याच जीन्स अंगावर चढवल्या आणि न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या जागेपुढे फुटपाथवर अंग घासत राहिली, कापड फाटून चिंध्या होईपर्यंत. शिवाय जाहिरातीची चित्रे आणि रुग्णालयासाठी निघालेल्या मोर्चांचे फोटो घेऊन, त्यांवर गावकऱ्यांची मते हस्ताक्षरात घालून, तिने छापील चित्रांचा संच काढला. जाहिरातीला जाहिरातीच्याच भाषेत उत्तर! आमच्या फ्लेक्सवाल्या पोरांनी हा संच जरूर शोधून पाहावा.

फ्लिंट शहरात २०१४ पासून नळाला विषारी पाणी येऊ लागले. तिथे २०१६ साली फ्रेझियर पाच महिने राहिली, शाळेची बस चालवणाऱ्या एका आईच्या घरी जात-येत. ते फोटो एका फॅशनच्या मासिकात छापून आले, हे विशेष. पुढे त्या कामातून आलेले पैसे घालून २०१९ साली हवेतून पाणी काढणारे यंत्र फ्लिंटला आणण्यास तिने हातभार लावला. फोटोने काय होते असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच दाखवून देऊ.

आपल्याकडे असे कोणी नाही असे समजू नका. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला, तसाच घरी परतून मुलांत बसलेलाही दाखवला. आमच्या अनेक वाचकांच्या घरांत कोणी ना कोणी पालिकेच्या सफाई खात्यात आहे; त्यांना ते फोटो पाहून अवघडल्यासारखे होईल, आणि मग बरेही वाटेल. तमिळनाडूचे एम. पळणी कुमार हे मासळी विकणाऱ्या आईचे पोर. हाताने मैला साफ करणाऱ्यांवरच्या 'कक्कूस' या २०१७ सालच्या माहितीपटाचे छायाचित्रण त्यांचे. आईच्या कामाचेही त्यांनी फोटो काढले आहेत.

हे इतके लांबण लावून सांगतो आहोत, कारण वर्तमानपत्रांत आमची माणसे बहुधा दोनच वेळी दिसतात. एक, कुठे अत्याचार झाला म्हणजे. दुसरे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरची गर्दी म्हणून. एरवी आमची बाई भाकरी थापत नाही, आमचा पोरगा अभ्यास करत नाही, आमची म्हातारी खळाळून हसत नाही, असेच त्या पानांवरून वाटावे! आणि आम्ही स्वतः काय छापतो? जयंतीच्या फ्लेक्सवर पंचवीस शुभेच्छुकांची डोकी, गॉगल लावलेली, आणि बाबासाहेब एका कोपऱ्यात पासपोर्टएवढे. रागावू नका, पण हे बोललेच पाहिजे. यंदा एखाद्या मंडळाने दोनच रंग घ्यावेत. काळा आणि निळा. वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी, गिरणीत आयुष्य घालवलेले आजोबा, विहारात रोज झाडलोट करणाऱ्या आत्याबाई, यांपैकी एकाचा मोठा चेहरा घ्यावा, त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने. खाली मोजके, ठळक शब्द. खर्चही कमी येईल.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. माणसाला दाराशी किंवा खिडकीशी बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. मागे कपड्यांची दोरी असली तर असू द्या. ती पुसून तिथे ताजमहाल घालू नका. आणि एकच फोटो काढून मोकळे होऊ नका, पार्क्ससारखे चार दिवस जा.

घरातल्या ट्रंकेतले जुने फोटोही आता बाहेर काढा. १९३४ सालचा राजगृहावरचा एक फोटो सर्वांच्या माहितीचा आहे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, थोरल्या वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि समोर टॉबी नावाचा कुत्रा. बाबासाहेबांच्या घरात कुत्रा होता आणि त्याचे नाव टॉबी होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी त्या फोटोतली नावे नीट जपली. तुमच्या फोटोंतली नावे कोणाला ठाऊक आहेत? आजी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या: हा कोण, कुठल्या गावी, कुठल्या साली. जुन्या कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. मागची बाजू गुळगुळीत असेल तर पेन्सिल चालत नाही. मग वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोसोबत कागदी पाकिटात ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. पाकिटे स्वयंपाकघराच्या भिंतीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा.